अब्बांची गरी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मासोळी आवडीने खाल्ली जाते. तलाव, बोड्या आणि नद्यांचा हा मुलूख. वर्धा आणि वैनगंगा इथेच एकमेकींना मिळतात, प्राणहिता होतात आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत जातात. पण बाजारातून मासोळी आणणे वेगळे आणि स्वतः गरी टाकून धरणे वेगळे. गळाला इकडे गरी म्हणतात. घरदार असलेला माणूस गरी घेऊन निघाला की लोक विचारतात, "आज काही काम नाही वाटते?" आमच्या घरात मात्र गरी आली ती कामासाठीच.

आम्ही राहतो बल्लारपूरला. घरात आम्ही दोघे नवरा-बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि अब्बा. अब्बांची सारी नोकरी कोळशाच्या खाणीत गेली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना लकव्याचा झटका आला. अल्लाहच्या कृपेने बोलणे आणि चालणे परत आले, पण उजव्या हाताची पकड ढिलीच राहिली. पाण्याचा पेला हातातून सुटायचा. सर्वांत मोठे दुःख होते ते दस्तरख्वानावर. आयुष्यभर उजव्या हाताने बिस्मिल्लाह करून जेवलेल्या माणसाला डाव्या हातात चमचा धरावा लागला. आमच्या मस्जिदीच्या इमाम साहेबांनी त्यांना समजावले की आजाऱ्याला माफी आहे, मनाला लावून घेऊ नका. अब्बांनी ऐकून घेतले, पण पुढे ते सगळ्यांबरोबर बसेनात. आमचे जेवण झाले की एकटेच जेवायचे.

डॉक्टरांचे म्हणणे होते की यांना घराबाहेर न्या आणि डाव्या हाताला कामे द्या. पिळायला रबरी चेंडू दिला होता, तो उशाशी पडून राही. मग एका संध्याकाळी अब्बा आपणहून म्हणाले, "लहान होतो तेव्हा किल्ल्याखाली वर्धेत गरी टाकायचो. आता या हाताने काय होणार!" एवढे एकच वाक्य. त्यावर आम्ही दोघांनी ठरवले की या हाताने होईल अशी गरी शोधायची.

बाजारात काय मिळते

गरी म्हणजे एक काठी, एक दोरा आणि एक हुक, इतकेच आम्हाला माहीत होते. दुकानात गेल्यावर कळले की त्यात बरेच प्रकार आहेत. सर्वांत जास्त खपते ती चकरीची काठी. तिच्यात दोऱ्याच्या टोकाला शिसे किंवा जड आमिष असते. काठी भिरकावली की ते वजन पुढे धावते आणि चकरीतला दोरा आपल्यामागे ओढून नेते. दूरवर फेकायला ही चांगली. पण एका हाताने काठी धरायची आणि दुसऱ्याने चकरी फिरवायची, म्हणजे दोन्ही हात शाबूत हवेत.

दुसरा प्रकार फ्लाय फिशिंगचा. फ्लाय म्हणजे माशी. हुकाला पिसे आणि दोरा गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखे काहीतरी बनवतात, तीच ही माशी. ती इतकी हलकी असते की फेकली तरी पुढे जात नाही. म्हणून या प्रकारात दोराच जाड आणि वजनदार असतो. वजन दोऱ्यात, आमिषात नाही, हा सगळा फरक. काठीवर एक आकडा छापलेला असतो, चार, पाच, सहा, आठ असा. तो काठीच्या वजनाचा नसून तिला कोणत्या वजनाचा दोरा चालेल याचा असतो. पाच नंबरच्या काठीला पाच नंबरचाच दोरा लावायचा. आकडा लहान तितकी काठी नाजूक आणि लहान मासोळीसाठी. जाड दोऱ्याच्या पुढे निमुळता होत गेलेला पारदर्शक नायलॉनचा तुकडा असतो आणि त्याच्या टोकाला माशी. काठी बहुधा आठ-नऊ फुटांची, फायबर ग्लासची किंवा कार्बनची. कार्बनची हलकी पण महाग. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. आमच्या जिल्ह्यात जिकडे पाहावे तिकडे विजेच्या तारा, त्यामुळे ही गोष्ट आम्ही नीट लक्षात ठेवली.

सगळा संच जोडला तर खर्च आमच्या महिन्याच्या किराण्याच्या पलीकडे जात होता. त्याहून मोठी अडचण म्हणजे इथेही दोन हात लागतात. एक काठी हलवतो, दुसरा दोरा धरतो, सोडतो आणि ओढतो. अब्बांचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

मुलीचा प्रश्न

याच दिवसांत आम्ही माहेरी, आरमोरीला गेलो होतो. तिथे एका बोडीवर काही पोरे मरळ धरत होती. मरळ मांसाहारी मासोळी. जिवंत बेडूक किंवा लहान मासोळी हुकाला टोचून पाण्यावर नाचवली की ती झडप घालते. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. हुकावरचा बेडूक पाय झाडत होता, तो ती बघत उभी राहिली. परत येताना गाडीत तिने दादांना विचारले, "आपणही असेच करणार का?"

अब्बांनी लगेच उत्तर दिले नाही. घरी आल्यावर जुम्म्याच्या नमाजनंतर ते मुलाला घेऊन इमाम साहेबांकडे गेले. मासोळी हलाल आहे, तिला जबह करावे लागत नाही, हे तर घरातल्या पोरांनाही ठाऊक असते. विचारायचे होते ते दुसरेच. इमाम साहेबांनी जे सांगितले त्याचा सार असा : खाण्यासाठी मासोळी धरा, त्यात काही वावगे नाही. पण दुसरा मार्ग असताना जिवंत जीवाला हुकात टोचून तडफडत ठेवणे योग्य नाही. नुसत्या करमणुकीसाठी जीव घेणे तर नाहीच नाही. धरलेल्या मासोळीचे खवले ती जिवंत असताना काढू नयेत.

आता अटी तीन झाल्या. गरी एका हाताने चालली पाहिजे, खिशाला परवडली पाहिजे आणि आमिष जिवंत नको. शेवटच्या अटीने आम्ही पुन्हा पिसाच्या माशीकडे वळलो, कारण तिच्यात दुखावण्यासारखे काही नाहीच. ही कल्पनाही आजची नव्हे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की मॅसेडोनियातले लोक हुकाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसे बांधत आणि नदीतली मासोळी धरत.

वाचता वाचता जपानमधली एक रीत सापडली. तिथल्या डोंगरी नद्यांवरचे लोक चकरीशिवाय पिसाची माशी वापरत आले आहेत. लांब, हलकी काठी. तिच्या शेंड्यालाच दोरा बांधलेला. दोऱ्याच्या टोकाला माशी. बस. या रीतीला ते तेनकारा म्हणतात. आता तिच्याही कार्बनच्या काठ्या निघाल्या आहेत, पण मूळ काठी बांबूची. हे अब्बांना वाचून दाखवले तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, "ही तर आमचीच गरी झाली. आम्ही गांडूळ लावायचो, ते पीस लावतात."

काठी, दोरा आणि माशी

बांबूच्या जिल्ह्यात राहून काठी बाहेरून कशाला मागवायची? जंगलातून तोडून आणायचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या ओळखीचे एक बुरड काका सुपे-टोपल्या विणतात. त्यांना गरज सांगितली. त्यांनी मानवेल बांबूची शेंड्याकडची, सरळ वाढलेली एक काडी निवडली. सावलीत वाळवली, पेरांपाशी जिथे वाकलेली होती तिथे विस्तवावर शेकून सरळ केली आणि तेल चोळले. मानवेल आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणून मजबूत; पण त्यामुळेच जडही. मुलासाठी दहा फुटांची काठी झाली. अब्बांसाठी काकांनी विचारले, "कोणत्या हातात धरतील?" डावा म्हटल्यावर त्यांनी अब्बांच्या डाव्या पंजाचे माप घेतले, आठ फुटांवर काठी कापली आणि मुठीपाशी सुतळी घट्ट गुंडाळून दिली. त्या हाताला कोणी माप लावल्याची ही पहिलीच वेळ असावी. अब्बा त्या मुठीवरून बराच वेळ अंगठा फिरवत बसले.

दोरा आम्ही घरीच वळला. नायलॉनचे तीन पदर, पुढे दोन, शेवटी एकच. असा निमुळता दोरा हवेत नीट उलगडतो. शिकणाऱ्याने तो काठीइतकाच लांब ठेवावा. जास्त ठेवला की गुंता होतो. शेवटचा तुकडा मुद्दाम कमजोर असावा. मोठी मासोळी लागली तर काठीऐवजी तो तुटतो. चकरी नसल्यामुळे दोरा सैल सोडता येत नाही. तेव्हा ही गरी लहान मासोळीसाठी आहे हे आधीच मान्य करावे.

हुकांचे नंबर उलटे चालतात. आकडा मोठा तितका हुक लहान. आम्ही दहा नंबरचे घेतले. हुकाच्या टोकामागे एक उलटा काटा असतो, तो पकडीने दाबून सपाट केला. त्यामुळे एखादी मासोळी निसटते खरी, पण हुक बोटात घुसला तर सहज निघतो, आणि सोडून द्यायच्या मासोळीलाही फारशी इजा होत नाही. मुले बरोबर असतील तर हे केल्याशिवाय घराबाहेर पडूच नये.

माशी बांधणे हे शिलाई मशीनवर बसणाऱ्या हातांचे काम. काळा दोरा होताच. कोंबडा आणला की त्याच्या मानेची पिसे मुलगी वेगळी काढून धुऊन वाळवते. बकरी ईदचे थोडे केस डबीत ठेवले होते. जुन्या दुपट्ट्याची जर सुटी करून तिचा चमकता पट्टा केला. हुकाला दोऱ्याने सलग गुंडाळायचे, मध्ये जर फिरवायची, डोळ्यापाशी पिसाचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि गाठ मारायची. एक माशी बांधायला आधी अर्धा तास लागे, आता दहा मिनिटे. किड्याची हुबेहूब नक्कल करायची गरज नाही. पाण्यात पिसे हलली, जिवंत वाटली, की पुरते.

कोरड्या जमिनीवरचे शिक्षण

पहिला महिना आम्ही पाण्याकडे गेलोच नाही. अस्रच्या नमाजनंतर घरामागच्या मोकळ्या जागेत उभे राहायचो. हुकाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा आणि पंधरा फुटांवर पराठ. गोंडा पराठीत पडला पाहिजे.

यात जोर लागत नाही. भिंतीवरचे घड्याळ डोळ्यांसमोर आणावे. काठी पुढून वर उचलायची आणि डोक्याच्या किंचित मागे, एकच्या काट्यावर थांबवायची. तिथे क्षणभर थांबायचे, कारण दोरा मागे जाऊन सरळ व्हायला तेवढा वेळ घेतो. मग पुढे आणून दहाच्या काट्यावर पुन्हा थांबायचे. जो थांबत नाही त्याचा दोरा चाबकासारखा वाजतो आणि माशी तुटून उडते. मनगट फार वळवायचे नाही, कोपरातून हालचाल करायची.

आमचा मुलगा दणकट, जोरात झटके मारायचा, गोंडा त्याच्याच टोपीत अडकायचा. अब्बांच्या डाव्या हातात जोर कमी, घाई तर नाहीच. ते मनातल्या मनात "बिस्मिल्लाह" म्हणत तेवढा वेळ काठी मागे थांबवायचे. आठव्या-नवव्या दिवशी गोंडा पराठीत पडला आणि पराठ वाजली. मुलगी धावत आत आली, "दादांचा लागला!" त्यानंतर नातू आजोबांकडून शिकू लागला. "आधी थांब, मग फेक," अब्बा त्याला सांगायचे. रबरी चेंडूही हळूहळू उशाखालून बाहेर आला. हुक काढायला आणि गाठ धरायला उजवा हात लागेल, असे त्यांनी स्वतःच ठरवले होते.

पाणी कोणाचे?

जिथे पाणी दिसेल तिथे गरी टाकता येत नाही. या भागातले बरेच तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे आले. म्हणून आजही त्यांना माजी मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात. अशा तलावांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे असते. ते पैसे भरतात, पावसाळ्यात बोटुकली सोडतात, राखण करतात. त्यांचे घर त्यावर चालते. आपला छंद आणि त्यांची रोजी यांत रोजी आधी.

मूल-सावली रस्त्याजवळच्या एका गावात आम्ही संस्थेच्या लोकांना भेटलो. अब्बांना घेऊनच गेलो. त्यांनी थोडी रक्कम सांगितली आणि अट घातली की रोहू, कटला, मृगळ लागला तर परत सोडायचा, कारण ती त्यांची सोडलेली मासोळी. तिलापिया आणि बारीकसारीक मासोळी न्यायला हरकत नव्हती. एक म्हातारे ढिवर मामा आमची माशी हातात घेऊन म्हणाले, "पिसाले का मासोरी भुलते जी?" मग आपणच सांगू लागले : पाण्यावर सावली पाडू नका, उन्हाकडे तोंड करून उभे राहा. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर तिथे गरी टाकू नका. खाली मरळ पिल्ले राखत असते. तिला काढले की पिल्ले गेली.

आणि वाघ. ताडोबात आणि अभयारण्यांत मासेमारीला बंदी आहेच, पण आमच्या जिल्ह्यात वाघ हद्द पाहून फिरत नाही. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. म्हणून आमचा नियम ठरलेला आहे. ऊन चांगले वर आल्याशिवाय पाळीवर जायचे नाही, अस्रच्या आधी निघायचे, मगरिब घरी. झुडपाकडे पाठ करून वाकून बसायचे नाही. उघड्या पाळीवर उभे राहायचे किंवा खुर्ची टाकायची. एकाने गरी टाकायची, दुसऱ्याने आजूबाजूला बघायचे. पाणी प्यायला जनावरे येतात ती बाजू सोडायची. वीज कडाडली की काठी खाली ठेवायची. पावसाळा हा मासोळीच्या विणीचा काळ, तेव्हा गरी घरीच. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हाही घरीच. राहिला हिवाळा, आणि तो पुरतो.

पहिली मासोळी

पहिल्या तीन खेपांना काहीच लागले नाही. चौथ्या खेपेला, नोव्हेंबरातल्या एका रविवारी, अब्बा पाळीवर खुर्ची टाकून बसले होते. माशी पाण्यावर पडली, किंचित बुडाली, दोरा जरा बाजूला सरकला. अब्बांनी काठी उचलली. वितीएवढी तिलापिया. काठी डाव्या हातात वाकली होती आणि दोरा उजव्या हाताने धरायचा होता. मुलगा पुढे सरसावला, तेव्हा अब्बा म्हणाले, "थांब." थरथरत्या बोटांनी दोरा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा त्यांनी धरला आणि मासोळी जाळीच्या पिशवीत घेतली. "अल्हमदुलिल्लाह," ते एवढेच म्हणाले.

त्या दिवशी चार मासोळ्या मिळाल्या, पाच माणसांना पुरतील न पुरतील इतक्या. घरी हळद, मीठ, लाल तिखट लावून तळल्या. मासोळीतला काटा चमच्याने निघत नाही, तो बोटांनीच काढावा लागतो. अब्बा सगळ्यांबरोबर दस्तरख्वानावर बसले. काटा काढायला डावा हात, घास न्यायला उजवा. वेळ लागत होता, पण कोणाला घाई नव्हती.

हात पूर्ण बरा झाला असे नाही, आणि तो गरीमुळे सुधारला असे आम्ही म्हणणार नाही. औषध आणि व्यायाम चालूच आहेत. पण कोणाच्या घरी असे मोठे माणूस असेल आणि जवळ पाणी असेल, तर आमचे सांगणे इतकेच : सामान घ्यायला निघण्याआधी हात पाहा. कोणता हात, किती जोर, किती वेळ. मग पाणी पाहा, ते कोणाचे आहे हे विचारा. त्यानंतर दुकानात जा. जायची गरजच पडणार नाही असेही होईल. आमचा खर्च बुरड काकांची मजुरी, नायलॉनची एक गुंडी आणि हुकांची एक पुडी इतकाच झाला.

यंदा पावसाळा लांबला. तलाव भरलेले आहेत. मुलीने बावीस माश्या बांधून डबीत ठेवल्या आहेत. त्यातल्या लाल लोकरीच्या दादांसाठी वेगळ्या काढल्या आहेत, कारण आता त्यांना लांबून तोच रंग नीट दिसतो.